पहिलं नशीब, ताजा निकाल आणि पुढचा डाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला संख्याशास्त्र शिकवतो. निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी गट, सातपूर-अंबडचे कामगार आणि कॉलेजची मुलं यांच्यासमोर जोखमीच्या निर्णयांवर बोलायला जातो. कार्यक्रम संपला की व्हॉट्सअॅपवर प्रश्न सुरू होतात आणि फिरून फिरून तेच येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. कुठला शेअर घ्यावा किंवा कुठला वाण लावावा, हे मात्र मला विचारू नका.

१. सुरुवातीलाच नशीब लागलं तर माणसाची बुद्धी खरंच फिरते का, की हे नुसतं म्हणायला?

फिरते, आणि ते मोजून पाहिलेलं आहे. १९७५ साली एलन लँगर आणि जेन रॉथ यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाणेफेकीचे अंदाज बांधायला लावले. एकूण ३० वेळा. निकाल आधीच ठरवून ठेवले होते, त्यामुळे प्रत्येकाचे १५ अंदाज बरोबर येणार आणि १५ चुकणार, हे पक्कं होतं. फरक फक्त क्रमाचा होता. काहींना बरोबरचे निकाल सुरुवातीला जास्त मिळाले, काहींना शेवटी, काहींना विखरून.

ज्यांची सुरुवात चांगली झाली त्यांनी स्वतःला नाणेफेक ओळखण्यात सरस ठरवलं. आपले किती अंदाज बरोबर आले हा आकडाही त्यांनी फुगवून सांगितला, आणि पुढच्या वेळी याहून चांगलं जमेल असंही म्हणाले. नाणेफेकीत! तेही येलची मुलं!

पहिले चार-पाच निकाल मनात एक गोष्ट रचतात: 'आपल्याला हे जमतं.' पुढचे खराब निकाल मग त्या गोष्टीला अपवाद म्हणून खपून जातात. लहानपणी खेळताना आपण 'पहिला डाव देवाला' म्हणायचो आणि तो मोजायचो नाही. पैसे लावायला लागल्यावर नेमका तोच डाव आपण सगळ्यात जास्त मोजतो.

२. पहिला अनुभव जास्त जोर करतो की अगदी अलीकडचा?

दोघांची कामं वेगळी आहेत. पहिला अनुभव 'मी कोण' ते ठरवतो: मी धाडसी आहे, माझा हात चालतो, किंवा हे आपलं काम नाही. अलीकडचा अनुभव पुढचा डाव केवढा लावायचा ते ठरवतो. म्हणून एखादा माणूस स्वतःला पंधरा वर्षं जाणकार समजत राहतो आणि तरी दर हंगामात त्याचं लागवडीचं क्षेत्र गेल्या हंगामाच्या पट्टीवर, म्हणजे माल विकून आलेल्या हिशोबावर, कमी-जास्त होत राहतं.

ताज्या निकालांचा आणखी एक परिणाम आहे. २००४ साली राल्फ हर्टविग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शक्यतेचे आकडे लिहून दिले तर लोक दुर्मिळ घटनेला फाजील महत्त्व देतात. पण स्वतः करून, निकाल बघत शिकले तर तीच घटना जवळजवळ विसरतात. थोड्या प्रयत्नांत ती सहसा दिसतच नाही, आणि मन ताज्या निकालांकडे झुकलेलं असतं. विम्याच्या बाबतीत हे कसं नडतं ते प्रश्न ९ मध्ये पाहा.

३. जिंकल्यावर माणूस जास्त बेफिकीर का होतो? जिंकलेला पैसाही पैसाच ना?

हिशोबाच्या वहीत पैसाच. मनात मात्र तो 'वरचा' पैसा असतो, आपल्या मुद्दलाचा नाही. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० साली यावर निबंध लिहिला. प्रश्न साधा होता. तुम्ही नुकतेच ३० डॉलर जिंकलात, आता निम्म्या शक्यतेने ९ डॉलर मिळतील आणि निम्म्या शक्यतेने ९ जातील असा डाव खेळाल का? सुमारे ७० टक्के 'हो' म्हणाले. हाच डाव 'नुकतेच ३० हरलात' असं सांगून पुढे केला, तर 'हो' म्हणणारे सुमारे ४० टक्क्यांवर आले. डाव तोच. बदलला तो फक्त आधीचा निकाल.

पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे पैसे मोजून घेतल्यावर त्याच संध्याकाळी गाडीचं बुकिंग होतं, त्यामागे हेच आहे. माझा सल्ला कंटाळवाणा आहे: पट्टी हातात आली की पैसे आठवडाभर खात्यात पडून राहू द्या. तेवढ्यात ते 'वरचे' न राहता 'आपले' होतात.

४. मग हरल्यावर माणूस घाबरायला हवा. उलट दुप्पट लावणारे का दिसतात?

हरल्यावर बहुतेक जण घाबरतातच. वरचा ४० टक्क्यांचा आकडा तेच सांगतो. पण याला एक मोठा अपवाद आहे. एका डावात सगळं भरून निघण्याची शक्यता समोर दिसली, की घाबरलेला माणूस पलटी मारतो. त्याच निबंधात ३० डॉलर हरलेल्यांना दोन पर्याय दिले होते: खात्रीचे १० डॉलर घ्या, किंवा तीनात एक शक्यता अशी की पूर्ण ३० परत मिळतील. सुमारे ६० टक्क्यांनी दुसरा पर्याय घेतला.

याचं मूळ डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या सिद्धांतात आहे. माणूस एकूण संपत्ती मोजत नाही, एका खुणेपासून वर आहे की खाली ते मोजतो, आणि खाली असताना जोखमीकडे ओढला जातो. खूण बहुतेक वेळा 'मी घातलेली रक्कम' हीच असते. 'एकदा फक्त माझे निघू देत, मग हात लावणार नाही' हे वाक्य कानावर आलं की समजा, माणूस त्या खुणेला बांधला गेला आहे.

पेट्यांमध्ये लपवलेल्या रकमांच्या एका टीव्ही-खेळाच्या नेदरलँड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या भागांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे मोठं नशीब लागलेले आणि मोठं नशीब गेलेले, दोन्ही प्रकारचे स्पर्धक जास्त जोखीम घेताना दिसले. जपून खेळत होते ते मधले.

५. सलग इतक्या वेळा एकच आलं, आता उलटं येणारच ना?

नाही. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री माँटे कार्लोच्या जुगारघरात रुलेटवर काळा रंग सलग २६ वेळा आला. लोक मध्येच लालवर पैसे ओतू लागले, कारण 'आता लाल येणारच'. त्या रात्री अनेकांचं बरंच गेलं. चाकाला मागचं काही आठवत नाही.

हेच लॉटरीच्या आकड्यांना लागू. 'हा आकडा बरेच दिवस आला नाही' ही कुठल्याही अर्थाने माहिती नव्हे.

६. मग 'फॉर्म' नावाची गोष्टच खोटी म्हणायची का?

इथे शास्त्रज्ञांचंही मत फिरलं आहे. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलपटूंची आकडेवारी तपासून सांगितलं, की सलग बास्केट झाल्यावर पुढची होण्याची शक्यता वाढत नाही. 'हात गरम असणं' हा भास आहे. तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं गेलं. २०१८ साली जोशुआ मिलर आणि ॲडम सॅनहुर्हो यांनी त्या हिशोबातली बारीक खोट दाखवली. छोट्या मालिकेत 'यशानंतरचं यश' मोजायची नेहमीची पद्धत मुळातच कमी आकडा देते. ती दुरुस्त केली की त्याच आकडेवारीत थोडा फॉर्म दिसतो.

म्हणून मी असं सांगतो: माणसाच्या शरीराचा आणि सरावाचा संबंध असेल तिथे फॉर्म असू शकतो, पण बघणाऱ्याला वाटतो त्याहून बराच कमी. नाणं, चाक, सोडत यांना फॉर्म नसतो.

७. गेल्या वर्षी कांद्याला भाव होता म्हणून यंदा जास्त लावला. यात मानसशास्त्र कुठे आलं? हा तर सरळ हिशोब आहे.

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

नाण्याला तुम्ही काय केलंत त्याने फरक पडत नाही. बाजाराला पडतो. गेल्या वर्षीचा भाव तुम्ही एकट्याने पाहिलेला नसतो. येवला, चांदवड, सटाणा, शिवाय नगर आणि पार मध्य प्रदेशापर्यंत सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. सगळे एकाच वेळी उळे, म्हणजे कांद्याचं बी, विकत घेतात, रोपं टाकतात, आणि चार-पाच महिन्यांनी सगळ्यांचा माल एकाच वेळी लासलगावच्या बाजार आवारात उभा राहतो. भाव पडतो. मग पुढच्या वर्षी सगळे हात आखडतात आणि भाव चढतो. मोर्डेकाय इझेकिएल यांनी १९३८ साली या चक्राचं सविस्तर विवेचन केलं. अर्थशास्त्रात त्याला कोळिष्टकाचं नाव आहे, कारण भाव आणि उत्पादनाचा आलेख तसा दिसतो.

म्हणजे प्रश्न ५ मध्ये 'आता उलटं येणारच' हे चूक होतं, आणि कांद्यात ते बऱ्याचदा खरं निघतं! कारण इथे मागचा निकाल लोकांच्या निर्णयातून पुढचा निकाल घडवतो. टोमॅटोचं २०२३ साल आठवा. जुलैत क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला, ते बघून लागवडी झाल्या, आणि सप्टेंबरात लोकांनी माल रस्त्यावर ओतला.

आता यात सरकार मिसळा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, आणि ती उठली ४ मे २०२४ ला. भाव चढल्यावरच असे निर्णय येतात, म्हणजे 'चढा भाव' हीच पुढच्या घसरणीच्या कारणांपैकी एक असते. तरी आपला मेंदू चढ्या भावाचा अर्थ 'अजून चढेल' असाच लावतो.

करायचं काय? गेल्या वर्षीच्या भावाऐवजी यंदाचं बियाणं बघा. उळ्याचा भाव वेड्यासारखा वाढला असेल आणि रोप मिळेनासं झालं असेल, तर तुमच्या डोक्यात आलेली कल्पना सगळ्या तालुक्याच्या डोक्यात आलेली आहे. आणि उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत असेल तर तो टप्प्याटप्प्याने काढा. 'गेल्या साली दिवाळीपर्यंत थांबलो आणि जिंकलो' हा एक निकाल आहे, नियम नाही. चाळीत सड, मोड आणि वजनातली घट तुमच्यासाठी थांबत नाहीत.

८. द्राक्षाची अर्ली (लवकरची) छाटणी दोन वर्षं साधली. तिसऱ्या वर्षी सगळी बाग अर्ली घेऊ का?

सटाण्याकडचे लोक हा प्रश्न विचारतात, आणि त्यांना माझ्याहून जास्त कळतं. तरी माझं म्हणणं असं.

जून-जुलैत छाटणी घेतली तर माल डिसेंबरच्या आसपास, इतरांच्या आधी तयार होतो आणि जागेवर हंगामापेक्षा कितीतरी चढा भाव मिळतो. बदल्यात पोंगा (डोळे फुटणं) ते फुलोरा हा नाजूक काळ भर पावसात जातो. डावणीचा रोग, घडकुज, गळ, आणि फवारणीचा खर्च दर पावसागणिक. पुढे माल तयार होताना अवकाळी आला तर मण्यांना तडे. म्हणजे ही जोखीम 'बहुतेक वर्षं बरं, एखाद्या वर्षी सगळंच गेलं' अशा घडणीची आहे. अशा घडणीत दोन चांगली वर्षं येणं अगदी सहज शक्य आहे. समजा, पाचांतलं एक वर्ष वाईट जातं. तरी लागोपाठ दोन चांगली येण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. दोन वर्षांच्या यशाने तुम्हाला जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही.

त्यामुळे प्रश्न 'साधेल का' असा नको. 'नाही साधलं तर विकास सोसायटीचं कर्ज आणि दुकानाची उधारी कशातून फिटेल' असा विचारा. त्या उत्तरात जेवढे एकर बसतील तेवढेच अर्ली घ्या. प्लास्टिक आच्छादन असेल तर गणित बदलतं, पण आच्छादनाचं कर्जही गणितात धरा.

९. तीन वर्षं फळपीक विमा काढला, काही मिळालं नाही. हप्ता वाया गेला म्हणून बंद केला. चुकलं का?

बंद करायला दुसरी कारणं असू शकतात: निकषच जाचक वाटतात, मंडळातलं हवामान केंद्र लांब आहे. ती कारणं मला मान्य आहेत. 'तीन वर्षं काही झालं नाही' हे मात्र कारण नव्हे. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीच्या आदल्या दिवशीही निफाडच्या कित्येक बागांना मागची वर्षं बरी गेल्याचाच अनुभव होता.

गंमत अशी, की गारपीट झाली की चौकशी वाढते आणि गारांशिवाय दोन वर्षं गेली की ओसरते. गारा यायच्या की नाही, हे मात्र या चौकशीकडे बघून ठरत नाही.

१०. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत पहिल्या महिन्यात चांगले पैसे सुटले. नोकरी सोडू का?

नका सोडू.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. सलग दोन वर्षं तोटा सोसूनही तोट्यातल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले. का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

आता तुमच्या पहिल्या महिन्याबद्दल. नाणं उडवून दहा सौदे केले तर सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे १७ टक्के. कॉलेज रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर शंभर मुलांनी आज सुरुवात केली, तर काहीही न येता त्यातली सतरा महिनाअखेरीला 'मला जमतंय' म्हणतील. तीच सतरा स्क्रीनशॉट टाकतील. बाकीची गप्प बसतील, त्यामुळे तुमच्या फोनवर फक्त सतरा दिसतील.

ऑप्शन विकणाऱ्याला, म्हणजे हप्ता घेऊन दुसऱ्याची जोखीम अंगावर घेणाऱ्याला, तर आणखी फसवा अनुभव येतो. रोज थोडा थोडा नफा, महिनोन् महिने, आणि मग एका दिवशी सगळं खातं रिकामं. पहिल्या महिन्याचा अनुभव त्या एका दिवसाबद्दल चकार शब्द बोलत नाही.

११. एकदाच हात पोळला आणि ते कायमचं सोडलं. हा तर शहाणपणाच ना?

कधी शहाणपणा, कधी नुसतं नुकसान. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी मेख इथे आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सुरुवातीला नशीब लागलं तर माणूस पुढे खेळत राहतो. त्यामुळे त्याचा गैरसमज कधीतरी दुरुस्त होतो. किंमत मोजून, पण होतो. सुरुवातीलाच फटका बसला तर माणूस थांबतो. आणि थांबला, की त्याचा गैरसमज दुरुस्त व्हायला जागाच उरत नाही. जेर्कर डेनरेल आणि जेम्स मार्च यांनी २००१ साली हे गणिताने मांडलं. चांगली पण चढउताराची गोष्ट केवळ या कारणामुळे लोक टाळत राहतात. वाईट नशिबाची आठवण टिकते ती खरी असते म्हणून नव्हे, ती तपासली जात नाही म्हणून.

उलरिक मालमेंडियर आणि स्टेफान नागेल यांनी २०११ साली अमेरिकेतली काही दशकांची आकडेवारी तपासली. ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराचा वाईट काळ पाहिला होता ते पुढे कित्येक वर्षं शेअरपासून लांब राहिले. अलीकडच्या वर्षांचा परिणाम जास्त होता, पण जुन्या वर्षांचा पुसला गेला नव्हता. आपल्याकडे १९९२ च्या घोटाळ्यात पोळलेल्या वडिलांनी मुलाला म्युच्युअल फंडाची साधी एसआयपीही करू न देणं, हे त्याच जातीचं.

उपाय: सोडायचं असेल तर सोडा, पण दोन-तीन वर्षांनी अगदी लहान, गेली तरी दुखणार नाही इतकी रक्कम किंवा दोन गुंठे लावून पुन्हा बघा. पोळलेला डाव मोठा होता म्हणून दुखलं, की गोष्टच वाईट होती, हे त्याशिवाय कळत नाही. जुगार आणि फसवणुकीच्या योजनांना हे लागू नाही. तिथे पुन्हा बघण्यासारखं काही नसतं.

१२. निर्णय चांगला होता की नुसतं नशीब, ते कसं ओळखायचं?

निकाल कळल्यावर ओळखता येत नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ साली लोकांना एका डॉक्टरचा शस्त्रक्रियेचा निर्णय तपासायला दिला. माहिती सगळी तीच. रुग्ण वाचला असं सांगितलं तेव्हा निर्णय चांगला ठरला, दगावला असं सांगितलं तेव्हा वाईट.

म्हणून निकालाआधी लिहा. वहीच्या एका पानावर: काय करतोय, का करतोय, माझ्या मते साधण्याची शक्यता शंभरात किती, आणि काय झालं तर बाहेर पडणार. वर्षाने 'शंभरात सत्तर' असं लिहिलेली पानं एकत्र काढा. त्यातली साधारण सत्तर टक्के साधली असतील तर तुमचा अंदाज भरवशाचा. सगळीच पानं 'नव्वद' असतील, तर तुम्ही वही खुशीत असताना भरली आहे.

१३. माझा मुलगा मोबाइलवर पैशाचे खेळ खेळायचा. पहिल्यांदा जिंकला आणि तिथून लागलं. आता बंदी आली तरी कुठून तरी खेळतोच.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, हे खरं. चोरवाटा असतात, हेही खरं. त्याला ओढतं ते पहिलं यश आणि त्याच्यानंतरचं 'थोडक्यात गेलं'. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं, की अगदी थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे काही भाग जागे करतो आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढवतो. म्हणजे हरूनही तो हरल्यासारखं वागत नाही.

त्याला शक्यतेचं गणित शिकवून हे सुटणार नाही, हे मी गणिताचा माणूस असून सांगतो. कर्ज किती झालंय ते आरडाओरडा न करता विचारा. ते एकदम फेडून टाकू नका. रक्कम शून्यावर आली की त्याच्या मनात नवा डाव उघडतो. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

१४. ताज्या निकालाला महत्त्व द्यायलाच हवं, असं कधी नसतं का?

असतं ना. परिस्थितीच बदलली असेल तेव्हा जुना सरासरी अनुभव कुचकामी होतो. एखादं बुरशीनाशक दहा वर्षं चाललं आणि लागोपाठ दोन फवारण्यांत डावणी हटली नाही, तर 'दोन निकालांवरून काय ठरवायचं' म्हणत बसू नका. रोगाची त्या औषधाविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. फरक एवढाच विचारायचा: निकाल बदलण्यामागे दाखवता येईल असं कारण आहे का? कारण दिसत असेल तर ताज्या निकालाला वजन द्या. नुसती 'वेळ खराब चाललीये' असेल तर देऊ नका.

१५. लहान प्रमाणात करून बघा म्हणता. पण द्राक्षबाग, घर, दुकानाचा गाळा हे आयुष्यात एकदाच होतं. तिथे काय करायचं?

तिथे दुसऱ्यांचे डाव उसने घ्यायचे, आणि तेही निवडून नव्हे. शिवारफेरीत आणि चर्चासत्रात भेटतात ते ज्यांची बाग उभी आहे ते. ज्यांनी बाग तोडली ते तिथे येत नाहीत. त्यांना शोधण्याची जागा म्हणजे गावातलं कृषी सेवा केंद्र. दुकानदाराला विचारा, तुमच्या पट्ट्यात दहा वर्षांपूर्वी नव्याने लावलेल्या बागांपैकी आज किती उभ्या आहेत, आणि तुटलेल्या कितव्या वर्षी तुटल्या. नावं तो सांगणार नाही, सांगूही नयेत. आकडा मात्र त्याला तोंडपाठ असतो, कारण त्यातल्या बऱ्याच जणांकडे त्याची उधारी अडकलेली असते. मग तुटलेल्या बागांपैकी निदान दोघांच्या घरी जाऊन बसा, आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांचं कसं गेलं होतं, तेवढंच विचारा.